देवस्थानची साइट गेली, आता तिथे सट्टा: संकेतस्थळं राखायचं काम कुणाचं?

मानशी (धागाकर्ती)

परवा आमच्या गावच्या देवस्थानची जुनी साइट उघडायला गेले, तर समोर ऑनलाइन सट्ट्याचं पान. मांडवीतले कसिनो कमी पडले म्हणून की काय, आता देवीच्या नावच्या पत्त्यावरही तेच! चौकशी केल्यावर कळलं की डोमेनचे पैसे भरणारा मुलगा नोकरीला बंगळुरूला गेला, मधल्या काळात कमिटी बदलली, आणि नूतनीकरणाचे ईमेल कुणी उघडलेच नाहीत. मुदत संपलेल्या पत्त्यांवर टपून बसलेली मंडळी असतात, त्यांनी तो उचलला. जुन्या पत्त्याची गूगलमध्ये पत असते, ती त्यांना आयतीच मिळाली.

साइट दिसायला काही खास नव्हती. वर एक तेवणारी समई, खाली किती जण येऊन गेले त्याचा आकडा. पण आमच्या एका निवृत्त मास्तरांनी तिच्यावर वर्षानुवर्षं लिहिलं होतं. देवी मूळ कुठल्या गावची, नदी ओलांडून इकडे कशी आली, जत्रेत कुठल्या घराण्याला कुठला मान, मांडावर धालो (बायकांची गाणी आणि नाच) किती रात्री आणि सुरुवात कुठल्या गाण्याने. यातलं निम्मंही छापील पुस्तकात नाही. मास्तर आता नाहीत. त्यांचे कागद घराचं छप्पर उतरवलं त्या पावसात भिजले.

वेबॅक मशीनवर, म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या पानांच्या साठ्यात शोधलं. पहिलं पान मिळालं. समई फ्लॅशमध्ये (हलत्या चित्रांचं जुनं, आता बंद पडलेलं तंत्र) केलेली, म्हणून तिच्या जागी राखाडी चौकोन. जत्रेचं पान मिळालं. धालोचं नाही.

तेव्हापासून याच विषयावर वाचतेय. पुस्तक छापलं की एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला द्यावी लागते, शिवाय आणखी तीन ग्रंथालयांना. त्यासाठी १९५४ चा कायदा आहे, १९५६ पासून वर्तमानपत्रंही त्यात आली. संकेतस्थळांचा त्यात उल्लेखही नाही. आपल्याकडे पणजीत पाटोवर कृष्णदास शामा ग्रंथालय आहे, १८३२ पासूनचं, देशातलं सर्वांत जुनं सार्वजनिक ग्रंथालय म्हणून आपण मिरवतो. उद्या तिथे कुणी 'ओ हेराल्दो' या वर्तमानपत्राचा १९०० सालचा अंक मागितला तर निदान कुणाला विचारायचं ते ठाऊक असतं. २००५ सालची गोव्यातली एखादी मराठी साइट मागितली तर कुणाला विचारायचं?

बाहेरच्या देशांत ग्रंथालयं हे करतात असं वाचलं. नक्की कसं करतात? आणि आपल्याला काय करता येईल? जाणकारांनी सांगावं.


खतखतें

वाखुसा (वाचनखूण साठवली).
(ही साइटच बंद पडली की वाखुसाही गेली, तो भाग वेगळा.)


ग्रंथालयी

मानशीताई, उभी हयात ग्रंथालयात गेली, तेव्हा जरा लांबण लावतो.

१९९६ साल धरून चला. त्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत ब्रूस्टर केल यांनी इंटरनेट आर्काइव्ह सुरू केलं. त्याचं वेबॅक मशीन लोकांना खुलं झालं ते २००१ मध्ये. १९९६ मध्येच ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने 'पँडोरा' काढलं आणि स्वीडनच्या राष्ट्रीय ग्रंथालयानेही काम हाती घेतलं. गंमत म्हणजे या दोन ग्रंथालयांच्या वाटा अगदी उलट. ऑस्ट्रेलियात ग्रंथपाल एकेक साइट निवडायचे, मालकाला लिहून परवानगी घ्यायचे, उतरवलेली प्रत नीट उघडते का ते स्वतः तपासायचे. स्वीडनवाल्यांनी थेट रापणच टाकली: स्वीडनचं म्हणून जे दिसेल ते ओढा, मासळी नंतर निवडू. निवडून घेतलं की नेमकं पुढच्याला हवं असलेलंच राहून जातं. सरसकट ओढलं की ढीग साचतो आणि एकही पान धड तपासलेलं नसतं. आज बहुतेक राष्ट्रीय ग्रंथालयं दोन्ही करतात. ठरावीक काळाने सगळ्या देशाच्या साइट्सवर एक फेरी, आणि निवडणूक, महापूर, साथ असं काही उद्भवलं की त्या विषयाचा वेगळा संग्रह. २००३ मध्ये अशा बारा संस्थांनी मिळून आंतरराष्ट्रीय संघ केला, म्हणून निदान साधनं आणि फाइलींचे प्रकार तरी सगळीकडे सारखे आहेत.

आता काम कसं चालतं ते. क्रॉलर नावाचा प्रोग्राम असतो. त्याला सुरुवातीच्या पत्त्यांची यादी द्यायची, तिला 'सीड' म्हणतात. तो पान उतरवतो, त्यातले दुवे वाचतो, त्या दुव्यांवर जातो, पुन्हा तेच. किती खोल शिरायचं, परक्या साइटवर जायचं की नाही, एका सर्व्हरला किती वेळाने हाक मारायची, हे आधी ठरवून द्यावं लागतं, नाहीतर एखाद्या कॅलेंडरच्या पानात शिरून तो 'पुढचा महिना, पुढचा महिना' करत इसवी सन ३००० गाठतो. उतरवलेलं सगळं 'वॉर्क' नावाच्या फाइलीत जातं. २००९ पासून ते आयएसओ मानक आहे. लोकांना वाटतं पानाचा फोटो काढतात. तसं नाही. सर्व्हरने जे उत्तर दिलं ते जसंच्या तसं ठेवतात, कुठल्या पत्त्यावरून आलं, कुठल्या सेकंदाला आलं, फाइल कसली, या नोंदीसकट. मजकूर वेगळा, चित्र वेगळं, फॉन्ट वेगळा. तुम्ही जुनं पान मागता तेव्हा हे तुकडे त्या क्षणी जुळवले जातात. म्हणून कधी मजकूर २००८ चा आणि फोटो २०११ चा असा संकर दिसतो. संशोधकांनी यावर डोळा ठेवायला हवा, कुणी ठेवत नाही.

तुमचं धालोचं पान का मिळालं नाही? माझा अंदाज, मेनूही फ्लॅशमध्ये असणार. त्यातले दुवे क्रॉलरला वाचता येत नसत.


मानशी

हो! मेनू फ्लॅशमध्येच होता. घंटा वाजायची टिचकी मारली की.


ऊर्रक

एक विचारू? सगळं राखायचंच कशाला? कॉलेजात असताना माझंही जिओसिटीजवर (फुकटात पान काढून देणारी साइट) पान होतं. निळ्या पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरं, 'काम चालू आहे'चा फावडेवाला, आणि खाली हिरोंचे फोटो. २००९ मध्ये याहूने जिओसिटीज बंद केलं. जगाचं काही अडलं नाही, माझी तर अब्रू वाचली. इंटरनेटवर नव्वद टक्के कचरा आहे, तो पोसायला वीज, हार्ड डिस्क, पगार. कुणाच्या पैशाने?


ग्रंथालयी

ऊर्रकबाब, तुमची अब्रू वाचली याची खात्री बाळगू नका. आर्काइव्ह टीम नावाच्या हौशी लोकांनी बंद व्हायच्या आत जिओसिटीजचा मोठा भाग उतरवून घेतला होता. :)

कचऱ्याचं म्हणाल तर आमच्या धंद्यात या प्रश्नाने सगळ्यांनीच हात पोळून घेतले आहेत. आशियातला पहिला युरोपी पद्धतीचा छापखाना गोव्यात, १५५६ मध्ये, हे आपण छाती काढून सांगतो. त्या छापखान्यातून आधी जे बाहेर पडलं त्याची प्रत कुठे आहे? नाही. फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण राशोलला १६१६ मध्ये छापलं गेलं, पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा. तीन आवृत्त्या! त्यांतली एकही छापील प्रत आज ठाऊक नाही. आपण ते वाचतो ते लोकांनी हाताने उतरवून ठेवलेल्या पोथ्यांमुळे. १९०७ ची मंगळुरूची आवृत्तीही पोथ्यांवरूनच केलेली.


कुळागर

ऊर्रकना एक उदाहरण देतो, देवाधर्माचं नाही, जमिनीचं. प्रादेशिक आराखडा २०२१. मसुदा २००८ मध्ये आला, ग्रामसभांच्या सूचना गेल्या, नंतर गावागावांचे नकाशे अधिसूचित झाले. आमच्या ग्रामसभेत आजही भांडण होतं ते 'पहिल्या नकाशात ही टेकडी हिरवी होती की नव्हती' यावर. एकाकडे एक पीडीएफ, दुसऱ्याकडे दुसरी, दोन्हींच्या फाइलीचं नाव तेच. अमुक तारखेला लोकांपुढे नेमकी कुठली फाइल होती, हे सांगणारी तिसऱ्या कुणाकडची तारखेसह प्रत असती तर अर्धी भांडणं मिटली असती. उरलेली अर्धी मिटली नसती, कारण ती टेकडीवरची नाहीतच. :)

सरकारी साइट नवी केली की जुने दुवे मरतात. यात कुणी मुद्दाम लपवतो असं नाही. नवा ठेकेदार नवी रचना आणतो आणि जुनी फाइल कुठे ठेवायची हे त्याच्या कामाच्या यादीतच नसतं. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राने २०२४ मध्ये सांगितलं की २०१३ साली असलेल्या पानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी उघडत नाहीत.


लिस्बोआकार

लिस्बनहून लिहितोय, मूळ गाव केपें. इथे 'आर्किवो डॉट पीटी' नावाचं सार्वजनिक संग्रहालय आहे, पोर्तुगालच्या वेबचं. १९९६ पासूनची पानं आहेत, आणि मुख्य म्हणजे घरबसल्या कुणीही बघू शकतो. वेबॅकमध्ये तुम्हाला पत्ता ठाऊक असावा लागतो; इथे शब्द टाकून मजकुरात शोधता येतं, चित्रंही शोधता येतात. 'गोवा' टाकून बघा, एक संध्याकाळ जाईल. नवी पानं मात्र वर्षभर दाखवत नाहीत, म्हणजे चालत्या साइटचं गिऱ्हाईक तुटू नये.

त्यांची एक सोय तुमच्या देवस्थानाला हवी होती. तिचं नाव 'मेमोरियल'. एखाद्या संस्थेची साइट यापुढे चालवायची नसेल तर ते आधी नीट, तपासून, उतरवून घेतात आणि मग जुना पत्ता त्या संग्रहातल्या प्रतीकडे वळवायचा. संस्थेने फक्त डोमेन चालू ठेवायचं, सर्व्हरचा खर्च नाही, दुरुस्ती नाही, हॅक व्हायची भीती नाही.

पाटोच्या ग्रंथालयाला ज्यांचं नाव दिलंय त्या कृष्णदास शामांचं लेखन, १५२६ साली सुरू केलेलं, आपल्याला मिळालं ते पोर्तुगालमधल्या ब्रागाच्या ग्रंथालयात रोमी लिपीत उतरवलेल्या प्रतींतून. गोव्याचं गोव्याबाहेरच सापडायचं, ही सवय जुनीच.


ऊर्रक

बरं, हरलो. पण पोर्तुगाल देश आहे, आपण दोन जिल्ह्यांचं (आता तिसरा) राज्य. एवढा पसारा झेपणार?


ग्रंथालयी

आइसलँडची लोकसंख्या चार लाखांच्या आत. २०११ च्या जनगणनेत गोवा साडेचौदा लाखांवर होता. आइसलँडचं राष्ट्रीय ग्रंथालय २००४ पासून देशाचं सगळं डोमेन वर्षातून साधारण तीनदा उतरवतं आणि सगळ्यांना खुलं ठेवतं. त्यांना कायद्याचं पाठबळ आहे, हे खरं. आकाराची सबब मात्र चालणार नाही.


अबोलीचा वळेसार

मला हे सगळं वाचून थोडी धडकीच भरली. मानशी म्हणते त्या 'मान' प्रकरणावरून आमच्याकडे दोन घराण्यांत कोर्टकचेरी झाली आहे. तेव्हा कुणीतरी साइटवर दोन्हीकडची नावं, कोण कुणाच्या घरात दत्तक गेला, कुणाचं लग्न कुठल्या परिस्थितीत झालं, सगळं लिहिलं होतं. ती साइट बंद पडली तेव्हा माझ्या सासूबाईंनी देवापुढे नारळ ठेवला. ते पान कुठेतरी कायमचं राहणार असेल तर त्याला 'जतन' म्हणायचं का?


मानशी

अबोलीताई, हा प्रश्न मलाही टोचतोय.

वाचलं त्यात असं दिसलं की 'राखणं' आणि 'दाखवणं' हे दोन निर्णय वेगवेगळे घेतात. डेन्मार्कमध्ये २००५ च्या कायद्याने सगळं उतरवतात, पण बघायला परवानगी फक्त संशोधकांना, कारण त्यात माणसांची खाजगी माहिती येते. ब्रिटनमध्ये २०१३ पासून कायद्याने जे गोळा होतं त्यातलं बहुतेक ठरलेल्या सहा ग्रंथालयांच्या वाचनकक्षातच बघता येतं, आणि तेही एका ग्रंथालयात एका वेळी एकच वाचक! म्हणजे मी एखादं पान उघडून बसले तर शेजारच्या टेबलावरच्या माणसाने माझं होईपर्यंत थांबायचं. पुस्तकाची एकच प्रत असते तसं. ऐकायला वेडेपणा वाटतो, पण तुमच्या सासूबाईंचा विचार केला तर इतकाही वेडेपणा नाही.

वेबॅकवर साइटच्या मालकाने मागणी केली तर पानं काढली जाऊ शकतात. साइटचा मालकच नाहीसा झाला असेल तर पंचाईत.


खतखतें

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).


म्हापसा शुक्रवार

जतनाच्या धाग्यावर प्रकाटाआ! खतखतें, हा गुन्हा आहे.


काळा कोट

कायद्याचं थोडं. मी यात तज्ज्ञ नाही, पण कलमं वाचता येतात.

एक. कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात २०१२ च्या दुरुस्तीने एक सवलत आली: बिगरव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाने जतनासाठी एखादी कृती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवली तर तो भंग नाही. वाचून बरं वाटतं. पुढे अट आहे: त्या कृतीची डिजिटल नसलेली प्रत ग्रंथालयाकडे आधीपासून असली पाहिजे. संकेतस्थळाची कागदी प्रत कुठून आणायची? म्हणजे जन्मानेच डिजिटल असलेलं सगळं या सवलतीबाहेर. म्हणून उद्या पाटोवर कुणी मनावर घेतलं तरी ऑस्ट्रेलियाची पहिली वाटच धरावी लागेल: मालकाची लेखी परवानगी. देवस्थानं, भजनी मंडळं, नाट्यसंस्था, वाचनालयं ही परवानगी आनंदाने देतील. वर्तमानपत्रं देतील असं वाटत नाही.

दोन, कुळागर यांच्यासाठी. जुनं पान कोर्टात नुसतं छापून दाखवून भागत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाखालचं प्रमाणपत्र लागतं (पूर्वीचं ६५-ब). आणि वेबॅकच्या पत्त्यात जो चौदा आकड्यांचा शिक्का असतो, वर्ष महिना दिवस तास मिनिट सेकंद, तो जागतिक वेळेचा. आपण साडेपाच तास पुढे. आपल्या पहाटे साडेपाचच्या आधी उतरवलेलं पान आदल्या दिवसाच्या तारखेने दिसतं. हरकतींच्या शेवटच्या तारखेचा वाद असेल तर हे साडेपाच तास पुरेसे आहेत.


म्हापसा शुक्रवार

आता कामाचं बोलू. आज रात्री काय करता येईल ते सांगतो.

मानशी, वेबॅकच्या शोधपेटीत देवस्थानचा पत्ता टाका आणि शेवटी तिरपी रेघ देऊन तारा टाका. त्या पत्त्याखाली साठवलेल्या एकूण एक फाइलींची यादी येते. मेनूतून न सापडणारी पानं अशी सापडतात, कारण कधीतरी बाहेरच्या कुणीतरी त्या पानाचा थेट दुवा दिलेला असतो आणि क्रॉलर तिकडून आलेला असतो. कॅलेंडरवर निळा गोल असेल तर पान धड आहे. हिरवा असेल तर ते दुसरीकडे वळवलंय. केशरी-लाल गोलांवर वेळ घालवू नका. सट्टेवाल्यांच्या काळातली पानंही त्याच यादीत असतील, तारखा बघून टाळा.

चालू साइट असेल तर वेबॅकवरच 'पान आता साठवा' अशी सोय आहे. खातं काढून लॉगिन केलं तर त्या पानावरचे बाहेरचे दुवेही एकदम साठवता येतात.

पण खरी गोची पुढेच. गेल्या दहा वर्षांत गावांनी साइट्स काढणं सोडलंय. जत्रेची पत्रिका, काल्याचे फोटो, मयताची बातमी, पाण्याची बोंब, सगळं फेसबुकच्या गटात नाहीतर व्हॉट्सॲपवर. तिथे ग्रंथालयांचे क्रॉलर शिरू शकत नाहीत. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने ट्विटरचा सगळाच्या सगळा साठा घ्यायचं २०१० मध्ये जाहीर केलं, आणि २०१७ संपताना हात टेकून 'यापुढे निवडकच' म्हटलं. वेबरेकॉर्डर म्हणून एक मोफत प्रकल्प आहे, त्याचं ब्राउझरमध्ये बसणारं साधन मी वापरतो. तुम्ही लॉगिन करून पान चाळता, ते मागे बसून जे जे दिसेल ते साठवतं, आणि ती फाइल इंटरनेट नसतानाही उघडते. फक्त गटातल्या माणसांना विचारून करा. अबोलीताईंची सासूबाई प्रत्येक गावात असते.


मानशी

सापडलं!!! तारा टाकला आणि यादीत धालोचं पान आहे, २००६ चं. मुंबईच्या कुठल्यातरी गोमंतक मंडळाच्या दुव्यांच्या पानावर त्याचा थेट दुवा होता म्हणून.

पण उघडलं तर सगळं परग्रहावरचं. डोक्यावर टिंबं आणि टोप्या घातलेली रोमन अक्षरं, मधेच पौंडाचं चिन्ह, मधेच अपूर्णांक. एक शब्द मराठी नाही. फाइल खराब झाली का?


डिचोलीकर

फाइल ठणठणीत आहे, काळजी नको. आता माझ्या आवडीचा विषय आला.

युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची एकच संकेतपद्धत) रुळायच्या आधी मराठी साइट्स अशाच असत. मजकूर आतून रोमन संकेतांचाच, आणि वरून फॉन्ट असा चढवायचा की त्या संकेतांच्या जागी देवनागरी आकार दिसतील. प्रत्येक कंपनीचा फॉन्ट वेगळा, संकेत वेगळे. वाचकाकडे फॉन्ट नसेल तर पानासोबत आपोआप उतरायची सोय होती, पण ती त्या काळच्या इंटरनेट एक्स्प्लोररसाठी. क्रॉलरने फॉन्टची फाइल उचलली नसेल तर तुम्हाला दिसतं ते टोप्यांचं जंगल. उचलली असली तरी आजचा ब्राउझर ती घेत नाही. आणि शोधयंत्राला त्यात मराठी दिसतच नाही. 'धालो' असा शब्द टाकून हे पान जन्मात सापडलं नसतं. पोर्तुगीज लोकांना शब्दशोध जमतो, त्यांना हे भोग नव्हते.

पानाचा सोर्स (मागचा कोड) बघा, परिच्छेदाच्या आधी फॉन्टचं नाव लिहिलेलं असतं. ते मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.


मानशी

केला. डीव्ही-टीटी असं काहीतरी आहे.


डिचोलीकर

छान. सीडॅक या सरकारी संगणक संस्थेच्या घराण्यातला, याचे रूपांतरक मोफत मिळतात. पहिलं पान करून पाठवलंय, पण ते तसंच कुठे चिकटवू नका, हाताने तपासावं लागेल. या फॉन्टांत अक्षरं दिसतात त्या क्रमाने टाइप झालेली असतात. पहिली वेलांटी दिसते डावीकडे म्हणून आधी टाइप केलेली, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर लागते. रफाराचं बरोबर उलटं. रूपांतरक हे बहुतेक ठिकाणी सांभाळतो. अनुस्वारावर मात्र अडखळतो: तुमच्या पानावर 'मांड' सगळीकडे 'मंाड' झालाय, 'रांगोळी'ची 'रंागोळी'. शोधा-बदला करून ते पाच मिनिटांत निघेल. जोडाक्षरांना वेळ लागेल, आणि गाण्यांतले कोंकणी शब्द तुमच्याच गावच्या एखाद्या बाईकडून वाचून घ्या. मी 'सुधारायला' गेलो तर वाट लावेन.

मूळ टोप्यांची फाइलही ठेवा हां. रूपांतर माझं, चुका माझ्या. मूळ असलं तर पुढचा माणूस माझ्यापेक्षा चांगलं करेल.


ग्रंथालयी

डिचोलीकरांना दंडवत. आमच्या क्षेत्रात यालाच जतन म्हणतात. उतरवून घेणं ही पहिली पायरी. पुढे बघणाऱ्याला ते वाचता आलं पाहिजे. फ्लॅशचं तेच झालं: ३१ डिसेंबर २०२० ला ॲडोबीने हात काढून घेतला, पण रफल नावाचा मोफत प्रोग्राम जुन्या फाइली ब्राउझरमध्ये चालवतो. इंटरनेट आर्काइव्हने तो वापरला आहे. मानशीताई, समईची फाइल मिळाली असेल तर तीही पेटेल कदाचित.


ऊर्रक

(मी अजून आहे.) सगळे वेबॅक वेबॅक करताय. ऑक्टोबर २०२४ मध्ये तेच हॅक होऊन कित्येक दिवस बंद होतं, तीन कोटींवर लोकांच्या खात्यांची माहिती फुटली. त्याच्या आदल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश लायब्ररी. खंडणीखोरांनी अशी आडवी केली की त्यांचा वेब संग्रह दीर्घकाळ कुणाला बघता आला नाही. मग?


ग्रंथालयी

मग एकावर विसंबायचं नाही, एवढंच. प्रती अनेक, वेगवेगळ्या शहरांत, वेगवेगळ्या संस्थांकडे, आणि अधूनमधून प्रत्येक फाइलीची बेरीज-खूण ताडून बघायची की एखादा बिट तरी बदललाय का. स्टॅनफर्डच्या ग्रंथपालांनी १९९९ पासून याच तत्त्वावर व्यवस्था उभी केली, तिच्या नावाचा अर्थच 'भरपूर प्रती म्हणजे वस्तू सुरक्षित' असा. आपल्या पातळीवर: एक प्रत वेबॅकवर, एक वॉर्क फाइल गावच्या वाचनालयात, एक मुंबई-पुण्यात राहणाऱ्या कुणाकडे. पेन ड्राइव्हवर मात्र नको. पावसाळ्यात आमच्याकडे पुस्तकांना बुरशी येते, पेन ड्राइव्ह कुठल्या खणात गेला ते कुणाला आठवत नाही.


मानशी

तर मी एक सामायिक शीट उघडलं आहे. आधी फक्त गोव्यातल्या मराठी-कोंकणी साइट्स: देवस्थानं, वाचनालयं, नाट्यमंडळं, बंद पडलेली नियतकालिकं, गावांचे ब्लॉग. रकाने: पत्ता, चालू की बंद, डोमेनची मुदत कधी संपते (हे कुणालाही तपासता येतं, आणि मला वाटतं सर्वांत निकडीचा रकाना हाच), मालक कोण, परवानगी विचारली का, वेबॅकवर शेवटची प्रत कधीची. यादी थोडी भरली की ती घेऊन काळा कोट आणि मी ग्रंथालयात जाऊन भेटणार. रिकाम्या हाताने 'तुम्ही काहीतरी करा' म्हणण्यापेक्षा सीडची यादी आणि परवानगीची पत्रं घेऊन गेलेलं बरं.

अबोलीताई, 'दाखवू नये' असाही रकाना घातलाय. तो कुणीही, कारण न देता, भरू शकतं.


अबोलीचा वळेसार

भरला. आणि आमच्या भजनी मंडळाची साइटही घातली, ती दाखवायला हरकत नाही. मुदत पुढच्या महिन्यात संपतेय! अध्यक्षांना आत्ताच फोन केला, त्यांना वाटत होतं साइट एकदा घेतली की कायमची.


डिचोलीकर

शीटमध्ये 'फॉन्ट' असाही रकाना हवा. २००७ च्या आधीची साइट असेल तर पाहिल्या पाहिल्या सोर्समधून नाव लिहून ठेवा, नंतर शोधत बसावं लागतं.


मानशी

घातला. तियात्राच्या (कोंकणी नाटकांच्या) साइट्स कोण बघतंय? रोमी कोंकणीतल्या आहेत, पण सोडून कशा द्यायच्या?


म्हापसा शुक्रवार

मी बघतो. शुक्रवार सोडून कधीही. फेसबुकवर ज्या मंडळींची पानं आहेत त्यांना आधी विचारावं लागेल, दोघा-तिघांचे नंबर आहेत माझ्याकडे.


खतखतें

माझं मघाचं प्रकाटाआ कुणी उतरवून घेतलेलं नाही ना?